गाडी बदलली, कागद तसाच राहिला

खानापूर तालुक्यातल्या, जांबोटीकडच्या एका गावातून एका तरुण वाचकाचं पत्र आलंय. वय २८, नोकरी बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्रीत, रोज गाडीने ये-जा. गाडी तीन वर्षांची, पेट्रोलची, दीड लिटर इंजिनची छोटी एसयूव्ही. आरसी बुक आणि विमा दोन्ही वडिलांच्या नावावर. वडील फौजेतून निवृत्त झालेत. गेल्या वर्षभरात या मुलाने कोल्हापुरातल्या मित्राच्या गॅरेजमध्ये गाडीला मोठे अलॉय आणि रुंद टायर (६५ हजार), अँप्लिफायरसह म्युझिक सिस्टीम (४० हजार), सीट कव्हरं (१५ हजार), पुढे लोखंडी गार्ड (१४ हजार) आणि त्यावर एलईडी बार (११ हजार) बसवून घेतला. आता सीएनजी किटचा विचार आहे. पुढच्या महिन्यात विमा संपतो. एजंट म्हणतो, ‘कशाला सांगालेत कंपनीला? उगी प्रीमियम वाढतंय.’ एका व्हिडिओत त्याने ऐकलं की असे बदल केले की हप्ता दुप्पट होतो आणि लपवले तर क्लेम बुडतो. तो विचारतो: सांगू की गप्प बसू? गाडी महाराष्ट्र पासिंग करून घेतली तर विमा स्वस्त पडेल का? पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे: ‘रात्रपाळी सुटून येताना रस्त्यावर गवे असतात, गार्ड काढायची भीती वाटते. आणि बाबांना खर्चाचा खरा आकडा माहीत नाही.’

*

आधी कपाटातून पॉलिसी काढा आणि तिचं पहिलं पान समोर ठेवा. चॅसिस नंबर, इंजिन नंबर यांच्याखाली आयडीव्हीचा तक्ता असतो. आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. त्या किमतीशेजारी आणखी तीन रकाने दिसतील: नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज, इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज आणि सीएनजी-एलपीजी किट. तुमच्या पॉलिसीत तिन्ही ठिकाणी शून्य असणार. म्हणजे विमा कंपनीच्या लेखी तुमची गाडी शोरूममधून निघाली तशीच आहे. अंगणात उभी आहे ती मात्र वेगळी. उद्या काही झालं तर नुकसान तपासणारा सर्वेअर एका हातात हा कागद घेऊन येतो आणि समोरच्या गाडीशी ताडून बघतो. मी बरीच वर्षं या भागात तेच काम केलं, म्हणून ही सुरुवात.

आता तुमची भीती. हप्ता दुप्पट होईल, असं तुम्ही धरून चालला आहात. तुम्ही बघितलेला व्हिडिओ बहुधा परदेशातल्या पद्धतीवर असावा. तिकडे ड्रायव्हरचं वय, राहायचा पत्ता, इंजिनची वाढवलेली ताकद यावर हप्ता खूप वर जातो. आपल्याकडे खासगी कारच्या हप्त्याचे दोन तुकडे असतात. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीने इतरांच्या झालेल्या नुकसानीचा. तो सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला जून २०२२ मध्ये तो ३,४१६ रुपये ठरला आणि अलॉय लावले म्हणून तो एक रुपयानेही हलत नाही. दुसरा तुकडा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेज. तो गाडीची किंमत, सीसी, वय आणि झोन यांवर निघतो. बदलांचा परिणाम होतो तो याच तुकड्यावर, आणि त्याचा हिशोब साधा आहे.

जुन्या मोटार टॅरिफमधला, म्हणजे विम्याच्या ठरवून दिलेल्या दरपत्रकातला दर बहुतेक कंपन्या आजही धरतात. इलेक्ट्रिकल वस्तूंना त्यांच्या किमतीच्या ४ टक्के. तुमची ४० हजारांची म्युझिक सिस्टीम म्हणजे वर्षाला १,६०० रुपये. अलॉय, टायर आणि सीट कव्हरं ही नॉन-इलेक्ट्रिकल. त्यांची किंमत गाडीच्या किमतीत मिळवतात आणि गाडीचाच दर लावतात. तो सवलतीआधी शेकडा तीनच्या आसपास पडतो, म्हणजे ८० हजारांवर साधारण अडीच हजार. सीएनजी किट ६५ हजारांचा धरला तर ४ टक्क्यांनी २,६००, वर थर्ड पार्टीत ६० रुपये. सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. गार्ड आणि बार यात धरलेले नाहीत, ते का ते पुढे येतं. सीएनजी धरून आठ हजारांच्या आत, सीएनजी सोडून पाच हजारांच्याही आत. वस्तू जुन्या झाल्या की त्यांची किंमत घसाऱ्याने कमी धरतात आणि क्लेम घेतला नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सवलत, याही रकमेवर मिळतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा आणखी खाली येईल. १ लाख ४५ हजार खर्च करून बसलेल्या माणसाला एवढ्या रकमेसाठी गप्प बसायला सांगणारा एजंट तुमचे पैसे वाचवत नाही. तो स्वतःचा वेळ वाचवतोय. नोंद करायची म्हणजे त्याला बिलं गोळा करावी लागतात, फोटो पाठवावे लागतात.

महाराष्ट्र पासिंगचा प्रश्न आपल्या भागात नेहमी येतो. विम्यासाठी खासगी गाड्यांचे दोनच झोन आहेत. झोन एमध्ये मुंबई, पुणे, बेंगळूर, चेन्नई, हैदराबाद, दिल्ली, कोलकाता आणि अहमदाबाद. बाकी सगळा देश बी. बेळगाव बीमध्ये, कोल्हापूरही बीमध्ये. केए-२२ असो की एमएच-०९, झोनमुळे एक रुपयाचाही फरक पडत नाही. राहायचं खानापूर तालुक्यात आणि पासिंग कोल्हापूरचं, यासाठी पत्ता खोटा द्यावा लागेल आणि तोच खोटेपणा पुढे विम्याच्या फॉर्ममध्ये उतरेल. तो विचार सोडा.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, चला, सगळं सांगून टाकू, पाच हजार भरू, विषय मिटला. तसं होणार नाही, कारण तुमच्या गाडीवरच्या वस्तू दोन जातीच्या आहेत. काही पैसे भरून विम्यात येतात. काहींना कितीही पैसे भरले तरी विम्यात जागा नाही, कारण मोटार वाहन कायद्यातच त्यांना जागा नाही. कलम ५२ सांगतं की आरसी बुकावरचा तपशील आणि कंपनीने बनवलेली गाडी यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. केरळमधून आलेल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पुढच्या लोखंडी गार्डबद्दल तर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र लिहून कारवाई करायला सांगितलं होतं. त्यात कर्नाटक आहे आणि महाराष्ट्रही.

गार्डबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मी हलक्यात घेत नाही. जांबोटी, कणकुंबीच्या रस्त्यावर रात्री अकरानंतर मीही गाडी चालवली आहे. पावसात, धुक्यात वळण घेताना समोर काळा डोंगर उभा आहे असं वाटतं आणि मग त्याचे पायाचे पांढरे मोजे दिसतात. पण गार्ड त्या प्रसंगी काय करतो, याचा एकदा शांतपणे विचार करा. मोठ्या नर गव्याचं वजन सातशे-आठशे किलोच्या पुढे जातं. गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपला जावा म्हणूनच तसा बनवलेला असतो. तो चेपतो आणि धक्क्याचा जोर खातो. गार्ड थेट चॅसिसला बोल्ट केलेला असतो, त्यामुळे तो जोर न चेपता आत येतो, तुमच्या छातीपर्यंत. एअरबॅग कधी उघडायची हे सेन्सर ठरवतात, आणि कंपनीने ते गार्डशिवायच्या गाडीवर धडका देऊन जुळवलेले असतात. पुढे लोखंड आलं की एअरबॅग उशिरा उघडू शकते, कधी उघडतही नाही. आणि रस्त्यावर गवा नसून सायकलवरून घरी चाललेला माणूस असला, तर त्याच्यासाठी तो पाइप म्हणजे काय, हे सांगायला नको.

गव्यापासून वाचवतो तो वेग. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. साठऐवजी चाळीसने या. घरी दहा-पंधरा मिनिटं उशिरा पोचाल. हेडलाइटच्या काचा पिवळट पडल्या असतील तर पॉलिश करून घ्या, दिव्यांची पातळी सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्या, आणि तुमच्या मॉडेलला कंपनीचे खालचे फॉग लॅम्प मिळत असतील तर तेच बसवा. धुक्यात वरून पडणारा पांढरा झोत उलटा डोळ्यांवर येतो आणि समोरच्या एसटीच्या ड्रायव्हरला तर काहीच दिसत नाही. म्हणून एलईडी बारही उतरवा.

त्या बारचं आणखी एक कारण आहे आणि ते मला जवळून माहीत आहे. एका जुलैत खानापूर रोडवरच्या एका गॅरेजच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी एक जळकी गाडी बघायला गेलो होतो. बॉनेटखाली डावीकडचा भाग काळाठिक्कर. बार तसा नवाच होता. त्याची तार बॅटरीच्या टोकावरून थेट घेतलेली, मध्ये फ्यूज नाही, रिले नाही. पत्र्याच्या कडेवरून ती नेलेली आणि जोडाला काळी चिकटपट्टी. त्या पट्टीचा जळायचा राहिलेला तुकडा मी बोटाने सोडवला तर तो च्युइंगगमसारखा लांबला. उष्णतेने आतला डिंक पातळ होऊन पट्टी कधीच सैल झाली होती. कडेला तार घासून उघडी पडली होती. मालक माझ्याशेजारी उभा राहून म्हणत होता, ‘साहेब, लाइट तर वर्षभर चालालती की.’ पॉलिसीत आग, आपोआप पेट घेणं, हे धोके धरलेले असतात. त्या माणसाने नोंद केली असती आणि नीट वायरिंग केलं असतं, तर भांडायला काही उरलंच नसतं. नोंद नव्हती, त्यामुळे आग कशाने लागली हाच वाद झाला, आणि माझ्या अहवालात मला जे दिसलं तेच लिहावं लागलं. क्लेमला महिने लागले आणि हातात आलं ते मागितल्याच्या निम्म्याहून कमी. त्याचा चेहरा अजून आठवतो. लबाड माणूस नव्हता तो. त्यालाही कुणीतरी ‘कशाला सांगालेत’ म्हटलं होतं.

न सांगितल्याने नेमकं काय होतं, हे नीट समजून घ्या, कारण ‘क्लेम बुडतो’ हे अर्धं खरं आहे. मागून कुणी ठोकलं आणि डिकी चेपली, तर तुमच्या म्युझिक सिस्टीमचा त्याच्याशी संबंध नसतो; डिकीचे पैसे मिळायला अडचण येऊ नये. न नोंदवलेल्या वस्तूची किंमत मात्र मिळणार नाही. गाडीच चोरीला गेली तर तुमचे १ लाख ४५ हजार तिच्याबरोबर गेले. अपघाताचं कारणच बदलात असेल, टायर चाकाच्या कमानीला घासून फुटला, तार पेटली, तर कंपनी नाकारू शकते किंवा रक्कम कापू शकते. अटीचा भंग झाला पण तो मुळावर घाव घालणारा नव्हता, अशा प्रकरणांत सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये क्लेमच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देऊन मिटवायचा, म्हणजे नॉन-स्टँडर्ड तडजोडीचा मार्ग मान्य केलाय, पण तिथवर पोचायला वर्षं जातात.

खरी काळजी थर्ड पार्टीची आहे. तुमच्या गाडीने कुणी जखमी झालं, तर कंपनीला त्याला भरपाई द्यावीच लागते, आणि त्या भरपाईला वरची मर्यादा नाही. पण पॉलिसी महत्त्वाची गोष्ट लपवून किंवा खोटं सांगून घेतली होती, हा बचाव कायद्याने कंपनीला दिलेला आहे. तो लागू पडला, तर जखमीला दिलेले पैसे कंपनी विमाधारकाकडून वसूल करायला निघू शकते. विमाधारक तुम्ही नाही, तुमचे बाबा आहेत.

पत्रात तुम्ही बाबांचा उल्लेख शेवटी, जाता जाता केलाय. माझ्या मते तो सगळ्यात आधी यायला हवा होता. रिन्यूअलच्या फॉर्मवर गाडीत काही बदल आहेत का, जादा वस्तू आहेत का, असं विचारलेलं असतं. एजंट मोबाइलवर ‘नाही’ दाबणार, ओटीपी बाबांच्या फोनवर येणार, तुम्ही तो मागून घेणार. ज्या माणसाने आयुष्यभर सामानाच्या यादीवर एकेक वस्तू मोजून सही केली, त्याच्या नावावर हे खोटं विधान लागेल आणि त्याला पत्ताही नसेल. प्रीमियमचा प्रश्न तुम्ही मला विचारलात, पण मला वाटतं तुम्ही बाबांना आकडा सांगायला घाबरताय, आणि ‘कंपनीला सांगू का’ ही त्याच भीतीची दुसरी बाजू आहे. दोन्ही एकाच संध्याकाळी सुटतील. चिडतील, एखादा दिवस बोलणार नाहीत. पण अपघातानंतर सर्वेअरच्या तोंडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं ते नक्की सहन करतील.

आता हातात महिना आहे, त्याचा उपयोग असा करा. पहिल्या रविवारी गार्ड आणि बार उतरवा आणि बारसाठी बॅटरीवरून ओढलेली तार मुळापासून काढून घ्या, नुसती टोक कापून लोंबती ठेवू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर टायरचं माप लिहिलेलं स्टिकर असतं, ते बघा. तुमच्या मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जे माप देते, तेवढंच तुमचं असेल तर ठेवा. त्याहून मोठं असेल तर जुनं माप परत घाला आणि मोठे विकून टाका. कोल्हापुरात गिऱ्हाईक मिळेल. म्युझिकसाठी कंपनीची वायर कापलीय की न कापता कपलरने (जोड-प्लगने) जोडलीय, हे मित्राला विचारा आणि कापली असेल तर फ्यूजसह नीट करून घ्या.

मग बिलं. मित्राने कच्च्या चिठ्ठीवर काम केलं असणार. पक्कं जीएसटी बिल मागा, वस्तूचं नाव आणि किंमत असलेलं. त्याशिवाय कंपनी किंमत कशावरून धरणार? बिलं, चारी बाजूंचे फोटो आणि एक साधं पत्र बाबांच्या ईमेलवरून कंपनीला पाठवा. एजंटला तोंडी सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. कंपनी गाडी बघायला माणूस पाठवेल किंवा व्हिडिओ मागेल. नवी पॉलिसी आली की पैसे भरल्याच्या पावतीवर समाधान मानू नका, तेच पहिलं पान काढा आणि तीन रकान्यांतले आकडे वाचा. या गडबडीत मुदत उलटू देऊ नका. विमा संपून ९० दिवस गेले तर साठलेला नो क्लेम बोनस जातो.

अलॉयबद्दल एक अपेक्षा आत्ताच कमी करून ठेवा. नोंद केली तरी जांबोटी रस्त्याच्या खड्ड्यात नुसता टायर फाटला, तर पैसे मिळत नाहीत. गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल तरच टायर धरतात, आणि तेही निम्म्या किमतीला.

सीएनजी किट मात्र याच महिन्यात घाईने बसवू नका. तो कायदेशीरपणे बसवता येतो, पण क्रम महत्त्वाचा. तुमच्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेला किट, अधिकृत सेंटरवरूनच. आधी बेळगाव आरटीओची परवानगी, मग किट, मग १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर इंधनाची नोंद, आणि ती झाली की विमा कंपनीला. अर्जावर सह्या बाबांच्या लागतील. सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी असते, तिचं सर्टिफिकेट गाडीतच ठेवा. आरसीवर नोंद नसलेला किट आणि त्यात गळती होऊन आग, यापेक्षा वाईट क्लेम मी बघितलेला नाही. पॉलिसीच्या मध्येही किट वाढवता येतो, उरलेल्या महिन्यांचाच हप्ता घेतात, त्यामुळे रिन्यूअलशी त्याची सांगड घालायची गरज नाही.

असेच प्रश्न इतरांनीही विचारलेत. रंग बदलायचा असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद आधी. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर विम्यातही बसत नाही आणि रस्त्यावरही. इंजिनचं रिमॅपिंग, म्हणजे ताकद वाढवायला त्याच्या संगणकातली सेटिंग बदलणं, केलेलं असेल तर कंपनीला सांगा आणि नकाराची तयारी ठेवा. त्याला टॅरिफमध्ये दरच नाही. पण बदल केला की हप्ता वाढणारच, असंही नाही. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता असलेलं चोरीरोधक यंत्र बसवलं तर ओन डॅमेजमध्ये अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सवलत मिळते. आणि निपाणीच्या ज्या ताईंनी पायाने अधू असलेल्या भावासाठी हाताने चालणारा ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर बसवण्याबद्दल विचारलंय त्यांना सांगतो: अपंग व्यक्तीसाठी खास बदललेल्या आणि आरसीवर तशी नोंद असलेल्या गाडीला ओन डॅमेजमध्ये ५० टक्के सवलतीची तरतूद टॅरिफमध्ये आहे. एजंट आपणहून सांगत नाहीत, मागून घ्या.

नोंद करूनही कंपनीने क्लेम अडवला, तर आधी कंपनीच्याच तक्रार कक्षाकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. कर्नाटकासाठी त्यांचं कार्यालय बेंगळूरला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण ते ऐकतात आणि अर्ज ऑनलाइन जातो. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत मात्र जा.

गार्ड उतरवायचा रविवार असेल ना, त्याच दिवशी बाबांना गॅरेजमध्ये घेऊन जा. बोल्ट सुटत असताना बोलायला सुरुवात करा. पक्क्या बिलांची फाइल त्यांच्याच हातात द्या. रिन्यूअलचा फॉर्म तेच भरतील, आणि तुमच्या एजंटपेक्षा नक्की नीट भरतील.